गाडीचा रंग आणि वाचनालयाच्या खिडक्या

वाचनालयाच्या सगळ्या खिडक्या मी बंद करून रंगवल्या. आणि त्या बंदच वाळल्या.

पनवेलच्या बाजारपेठेत आमचं वाचनालय होतं. खाली दगडी जोतं, वर सागवानी माडी आणि रस्त्याच्या बाजूला उंच उंच, आडव्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिलीच्या खिडक्या. बंदरात गलबतं लागत त्या काळात कुणा व्यापाऱ्यानं हौसेनं बांधलेली इमारत. पुढे ती विश्वस्तांच्या हाती आली आणि विश्वस्तांच्या मनात तिथे दुकानांचे गाळे आले. इमारत धोकादायक ठरली की पाडायला मोकळीक. ते ठरवायला अलिबागहून इंजिनिअर साहेब येणार, असा निरोप आला. आमचे अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी त्या दिवसापासून जेवण टाकलं नाही इतकंच. वाचनालय गेलं तर दुपारी जायचं कुठे, हे त्यांना सुचत नव्हतं. घरी त्यांना एक अग्रलेख कुणी सलग वाचू देत नसे.

मी सेक्रेटरी होतो. दुसरं कुणी तयार झालं नव्हतं म्हणून.

माझं म्हणणं असं, की साहेबांना इमारत रस्त्यावरूनच तरणीताठी दिसली पाहिजे. समोर बैलगाड्या बांधणाऱ्या मिस्त्रींचा कारखाना होता. त्यांनी चाकांना लावलेला रंग पावसाळ्यामागून पावसाळे हलत नाही, अशी ख्याती. त्यांच्याकडून डबाभर हिरवा रंग मागून आणला. बाहेरून शिडी लावली, झडपा घट्ट लावून घेतल्या आणि फटी दिसू नयेत म्हणून त्यांत रंग बोटानं दाबून दाबून भरला. ही शेवटची कल्पना खास माझी. पुढचे काही दिवस मी त्या रस्त्यानं विनाकारण फिरत होतो.

साहेब आले ते मे महिन्याच्या भर दुपारी. सोबत एक विश्वस्त. माडीवर येताच साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "आधी खिडक्या उघडा."

मी एक ओढली. मग दुसरी ओढली. मग साहेबांकडे बघून हसलो.

"हसतोस काय? उघड ना!" गुरुजी म्हणाले.

"जरा कडक झाल्यात, गुरुजी."

मी कडीला लोंबकळलो. गुरुजींनी मागून माझी कंबर धरली. खिडकी जागची हलली नाही, माझा सदरा मात्र उसवला. शेवटी समोरून मिस्त्रींना हाक मारली. ते पटाशी आणि हातोडा घेऊन आले, फटीत पटाशी लावून दणादण ठोकलं आणि मग झडपेवरून मायेनं हात फिरवत म्हणाले, "नाय निघायची. आमचा रंग हाय."

विश्वस्तांना आयतं सापडलं. "बघा साहेब, चौकटी दबल्यात. भिंती खचल्याशिवाय असं होतं का?"

साहेब घामानं निथळत होते. "सरका सगळे," म्हणत त्यांनी कोट काढला, एक पाय भिंतीला लावला, दोन्ही हातांनी कडी धरली आणि जिवाच्या करारानं ओढली. कडी आली. साहेब कडीसकट मासिकांच्या ढिगात जाऊन बसले.

कुणी हसलं नाही. साहेब बसल्या जागेवरून वर तुळयांकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. मग त्यांनी जमिनीवरून बोट फिरवून बघितलं.

"एवढी झटापट झाली," ते विश्वस्तांना म्हणाले, "चुन्याचा एक कण तरी पडला का? ही इमारत धोकादायक? अजून तुमची नातवंडं इथे पेपर वाचतील."

विश्वस्तांना अचानक दुकानाची आठवण झाली आणि ते जिना उतरून गेले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

एवढ्यावर मी गप्प बसायचं की नाही? पण मला बोलायची बुद्धी झाली. "साहेब, म्हणूनच तर मी मुद्दाम खिडक्या..."

गुरुजींनी हात वर करून मला तिथंच थांबवलं. साहेबांना आधार देऊन उठवत म्हणाले, "इमारत राहिली, साहेब, फार उपकार झाले. आता ह्या सेक्रेटरीला पाडायची परवानगी कुठे मिळते, तेवढं सांगून जा."