टाकीतली खादाड मंडळी

आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत सगळ्यांत ताठ मानेचं माणूस तळघरात बसतं. विनया राऊत, मूळच्या सांडोरच्या. इमारतीचं सांडपाणी शुद्ध करणारी टाकी त्या सांभाळतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, पण टाकीपाशी गेलो की त्याच मला कामाला लावतात.

रोज सकाळी त्या टाकीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा देठांवर डोलणाऱ्या इवल्या कळ्या दिसल्या.

"हे एका पेशीचे प्राणी," विनयाताई म्हणाल्या. "घाण खाऊन जीवाणू वाढतात, आणि पाण्यात सुटे पोहणारे जीवाणू हे गिळतात. म्हणून पाणी नितळ होतं. नदीतही असंच चालतं. माझी माणसं आहेत ती."

या दिवाळीत टाकीचं पाणी गढूळ झालं आणि वास जिन्यापर्यंत आला. कमिटी भडकली. येत्या रविवारच्या सभेत विनयाताईंना काढून दुसरं कुणी नेमायचं, असं कमिटीत ठरलं. मीही मान डोलावली.

त्या मात्र शांत. "मशीन ठीक आहे. माझी माणसं मेलीत." एवढं बोलून त्या घरोघरी विचारत निघाल्या, दिवाळीच्या साफसफाईला संडासात ॲसिड किती ओतलं? कुणी झाकणभर सांगितलं, कुणी आम्ही वापरतच नाही म्हणालं. मी दारातच सांगितलं, "अर्धी बाटली." बायको आतून माझ्याकडे बघत राहिली.

रविवारी सभेत विनयाताई उभ्या राहिल्या. "तुम्ही सांगितलेलं सगळं जोडलं, तर दोनशे घरांच्या मिळून चार बाटल्या होतात. तेवढ्याने माझी माणसं मरत नाहीत. मग एक तर मला काम येत नाही, नाहीतर हा आकडा खोटा आहे."

आवाजात विनवणीचा लवलेश नव्हता. मला माझीच लाज वाटली. हात वर करून मी उठलो. "आमच्याकडे पाच गेल्या. पाहुणे यायचे होते."

मग तिसऱ्या मजल्यावरची अक्षया म्हणाली, "आमच्या तीन." हात वर होत गेले आणि आकडा साठाच्या पुढे गेला. विनयाताईंना काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलपाड्यातल्या अशाच एका टाकीतून हे प्राणी असलेल्या जिवंत गाळाचे कॅन आणून आमच्या टाकीत ओतले. दहाव्या दिवशी मला खाली बोलावलं. भिंगाखाली गाळाच्या कणाला धरून एक कळी डोलत होती.

"एकच दिसतेय," मी म्हणालो.

"सभेतही आधी एकच हात वर झाला होता," विनयाताई म्हणाल्या, आणि मला बाजूला सारून स्वतः बघायला बसल्या.