नैवेद्याआधीचं पान

माझा आवाज गेला तेव्हा मला प्रभूचा राग आला होता, हे आधीच कबूल करतो. असे अनुभव लोक सांगतात तेव्हा त्यांतली माणसं संकटातही शांत राहिलेली दिसतात. मी राहिलो नव्हतो. अंबरनाथच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवतो आणि रविवारी बदलापूरला, कात्रपमधल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत संदेश, म्हणजे प्रवचन, देतो. सहा दिवस फळ्यापुढं आणि सातव्या दिवशी मंडळीपुढं, असं माझं सगळं घशावर चाललेलं. आवाजही तसाच खणखणीत होता. वर्गात ओरडलो की मैदानावरची मुलंसुद्धा सरळ रांगेत उभी राहत. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतो असा माझा समज होता.

दिवाळीनंतर घसा बसला तो उठेचना. आलं, ज्येष्ठमध, हळद-दूध, सगळं झालं. एक दिवस आठवीच्या वर्गात समीकरण सोडवता सोडवता तोंडातून नुसती हवा यायला लागली. मुलं हसली नाहीत, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. मग उल्हासनगरला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठी असल्याचं सांगितलं. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. महिन्यानं पुन्हा पाहू, गाठी तशाच असल्या तर ऑपरेशन, आणि पुढं आवाज कितपत राहील ते आज सांगता येणार नाही. मी पन्नाशी ओलांडलेला मास्तर. मला दुसरं काय येतं? बायको डॉक्टरांशी बोलत होती आणि मी मनातल्या मनात प्रभूला विचारत होतो की, तुझंच काम करताना घसा गेला, मग तू काय करत होतास?

ती औषधं घ्यायला खाली गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे सिंधी गृहस्थ बसले होते. पांढरा लेंगा-सदरा, हातात एक्स-रेचा लिफाफा. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी वहीवर लिहून दाखवलं की शिक्षक आहे, महिनाभर बोलायचं नाही. त्यांना हसू आलं. "मास्टर, और महीना भर चुप?" मग थोडा वेळ लिफाफा मांडीवर सरळ करत राहिले आणि म्हणाले, "अच्छा मौका है, साईं. जिसकी बात आपने कभी पूरी नहीं सुनी, उसके पास जाके बैठो. मैं तो बाप के जाने के बाद समझा." तेवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि ते आत गेले. त्यांचं नावही मला माहीत नाही. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यांना सल्ले द्यायला काय जातं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. मी मूळचा बदलापूरजवळच्या सोनिवलीचा, शेतकरी घरातला. दहावीनंतर अंबरनाथच्या एका कारखान्यात लागलो आणि तिथंच चौघांबरोबर खोली घेऊन राहिलो. तिथं मला टायफॉइड झाला. खोलीतले चौघं आपापल्या पाळीला जात. कारखान्यातले नगरकडचे एक वयस्कर फिटर अठरा दिवस रोज पेजेचा डबा घेऊन येत. पेज पाजायची, डबा विसळायचा, जायचं. अठरा दिवसांत ते देवाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं, तुम्ही हे का करता, आणि मग त्यांनी प्रभूचं नाव घेतलं. बाविसाव्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनीच मला पुन्हा शिकायला लावलं, मी मास्तर झालो आणि मंडळीत बोलूही लागलो. बोलू लागलो तो थांबलोच नाही, असं बायको म्हणते.

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रभू आपल्या आयुष्यात कसा आला हे उभं राहून सगळ्यांना सांगायचं. माझी साक्ष बदलापुरात, अंबरनाथला, उल्हासनगरच्या सभांमध्ये बऱ्याच ठिकाणी मागितली जाई, आणि पेजेच्या गोष्टीपेक्षा लोकांना तिचा पुढचा भाग जास्त भिडे. तो असा, की ख्रिस्ती झाल्यापासून माझं पान घरच्यांच्या पंगतीत पडत नाही. सणाला गेलो की मागच्या पडवीत मला एकट्याला, सगळ्यांच्या आधी वाढतात. मी जेवून हात धुतले की मग आत पूजा, नैवेद्य आणि घरच्यांची पंगत. जन्मदात्या आईनं मला वेगळं वाढलं, पण प्रभूनं आपल्या मेजावर घेतलं, असं म्हणून मी थोडा थांबत असे. कुठं थांबायचं हे मला नेमकं ठाऊक होतं. बायका डोळ्यांना पदर लावत. ही साक्ष ऐकून दोन-तीन कुटुंबं मंडळीत आली, हेही खरं आहे.

आईकडे मी जात नव्हतो असं नाही. पंधरा दिवसांतून एकदा जायचो आणि गेलो की तिला प्रभूबद्दल सांगायचो. ती ऐकून घ्यायची. मग मी तिच्या देवांवर यायचो, दादा उठून बाहेर जायचा, वहिनी भांडी आपटायची, आणि अर्ध्या तासात मी चपला घालायचो. वाटेत वाटायचं, बी पेरणं माझं काम, उगवणं त्याच्या हाती.

मौनाचे पहिले दोन आठवडे मी घरात धुमसत काढले. रोजची प्रार्थना एकच, आवाज दे. तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा बायकोला फोन आला की चंपाषष्ठी आहे, सासूबाई विचारतायत, भावोजी येतील का. आमच्या घरचं दैवत खंडोबा, त्यामुळे हा सण मोठा. बायकोला त्या दिवशी सुट्टी नव्हती. मला जावंसं वाटत नव्हतं, पण घरात बसून भिंती तरी किती बघणार. आणि खरं सांगायचं तर तो बाकावरचा म्हातारा डोक्यातून जात नव्हता. गेलो.

सोनिवलीत आता आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या आहेत. आई पडवीत वालाचं बिरडं सोलत बसली होती. मी तिच्यापुढं बसलो आणि गळ्यावर हात ठेवून मान हलवली. तिला वहिनीनं सांगितलं होतं. तिनं परात दोघांच्या मध्ये सरकवली. मीही सोलायला लागलो. भिजलेल्या वालाचं साल अंगठ्यानं दाबलं की दाणा सुटून येतो, हे माझ्या बोटांना अजून आठवत होतं. आई बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. गुडघा दुखतो, नवी नातसून बरी आहे, विहीर बुजवली तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. विहीर बुजवून चार वर्षं झाली होती. मला ते पहिल्यांदा कळत होतं. अर्धा तास कधीच उलटून गेला आणि कुणीही उठून बाहेर गेलं नाही.

दुपार झाली. वहिनीनं नेहमीसारखं माझं पान पडवीत आणून ठेवलं. भरीत, भाकरी, कांद्याची पात, बिरडं. आई आत गेली. मला दरवेळी बसायचा तो चिमटा याही वेळी बसला, आणि मी डोळे मिटून जेवणाआधीची उपकारस्तुती करत होतो. तेवढ्यात आतून पुतण्याच्या बायकोचा आवाज आला. ती हेंद्रेपाड्याची, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले, या घरातली तिची पहिलीच चंपाषष्ठी. ती आईला विचारत होती, "आजी, नैवेद्य दाखवायचाय ना अजून? मग काकांना आधीच कसं वाढलं? आमच्याकडे देवाच्या आधी कुणी तोंडात घास घालत नाही."

"आपल्यात पण नाय घालत," आई म्हणाली. "पण त्याचा पान आधीच काढाचा. देवाला दावलेला तो खात नाय. येकदा असाच भरल्या पानावरना उठून गेलेला, तवापासून मी आधीच काढते."

"पण देवाला चालतं का असं?"

"देव थांबतो. त्याला कुठं गाडी धरायची हाय? पोर उपाशी गेला तर मला चालंल का?"

मी डोळे उघडले. भरल्या पानावरून उठलो होतो हे मी विसरलो होतो असं नाही. बाप्तिस्म्यानंतरचा पहिलाच सण होता तो. नव्या विश्वासाचा ताठा होता, मूर्तीला दाखवलेलं मी खाणार नाही असं सगळ्यांसमोर सांगून मी निघून आलो होतो. त्याच्या पुढच्या सणापासून माझं पान पडवीत, आधी पडू लागलं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. गणिताचा मास्तर असून ही बेरीज मला इतक्या वर्षांत जमली नाही. मला बाहेर काढलंय असं मला हवंच होतं बहुतेक, त्यातून साक्ष चांगली व्हायची. जी बाई आंघोळीशिवाय चूल पेटवत नाही, तिनं माझ्यासाठी दर सणाला आपल्या देवाला ताटकळत ठेवलं होतं. आणि मी गावोगाव तिच्याविरुद्ध बोलत होतो. खोटी साक्ष देऊ नको हे मी मुलांना रविवारच्या शाळेत शिकवतो.

मला रडू आलं आणि आवाज नसल्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी पानातलं सगळं संपवलं. बोलता येत असतं तर मी तोपर्यंत कधीच भांडून निघालेला असतो, हे मला तिथंच कळलं. प्रभूनं माझा आवाज यासाठी घेतला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गाठी ओरडण्यानं होतात, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरंच असणार. मला एवढंच म्हणायचंय की मी आवाज मागत होतो आणि त्यानं मला ऐकायला बसवलं. त्या दिवशी नैवेद्याच्या वेळी मी पहिल्यांदा उठून अंगणात गेलो नाही. पडवीतच बसून राहिलो. आत तिची घंटा वाजत होती, बाहेर मी माझ्या प्रभूची क्षमा मागत होतो. घरात कुणालाच त्याची अडचण झाली नाही.

महिना संपला. गाठी बऱ्याच बसल्या होत्या, ऑपरेशन टळलं. आवाज आला, पण जुना नव्हे. घोगरा, हळू, दोन बाकांपलीकडे न जाणारा. डॉक्टरांनी बजावलं की आता हाच सांभाळा. शाळेनं मला कंबरेला लावायचा छोटा माइक घेऊ दिला. मुलं पहिले दोन दिवस गालात हसली, मग त्यांना सवय झाली.

पहिल्याच रविवारी मंडळीनं मला बरं झाल्याची साक्ष द्यायला उभं केलं. मी माइकवरून पानाची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, माझ्या खोटेपणासकट. या वेळी कुठं थांबायचं ते मला कळत नव्हतं. कुणी पदर लावला नाही. उपासनेनंतर मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या साक्षीनं माणसं आली होती. आता त्यांना काय वाटेल?" मी म्हणालो, ती माझ्या आईला बघायला येऊ शकतात. त्यांना ते आवडलं नाही. पुढचे चार-पाच महिने संदेशाची पाळी माझ्याकडे आली नाही. मी मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांचे संदेश ऐकले, आणि काही खरोखर चांगले होते.

मंडळीपुढं बोलणं त्या मानानं सोपं गेलं. आईपुढं जायला मला आणखी दोन आठवडे लागले. एका दुपारी गेलो, घरात ती एकटीच होती. मी सगळं सांगितलं. तू मला वेगळं वाढतेस असं मी इतकी वर्षं सभांमधून सांगत होतो, लोक तुला नावं ठेवत होते, मला माफ कर. आवाज तसा हळूच. तिला नीट ऐकू यावं म्हणून मी तिच्या अगदी जवळ बसलो होतो.

"मला म्हायत हाय," ती म्हणाली.

कात्रपला बसणारी आमच्या गावची एक भाजीवाली आमच्या सभेला एकदा येऊन गेली होती. तिनं आईला सगळं येऊन सांगितलं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी.

"पंधरा वर्षं तुला माहीत होतं? आणि तू तरीही..." मी तिचा हात धरला. "आय, मग एकदा तरी मला बोलायचंस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावलेली अजिबात नव्हती, उलट तिला गंमत वाटत असावी.

"तू कवा बोलू दिलास?"

मी हसलो, मग ती हसली, आणि मग मी काही बोललो नाही. आई दिवेलागणीपर्यंत बोलत होती. काय ते मी इथं लिहीत नाही, तेवढं माझ्यापाशी राहू दे. ती ऐंशीच्या घरात आहे आणि मी ते तिच्या हयातीत ऐकलं, याबद्दल प्रभूचे आभार मानायला मला हा एवढा आवाज पुरतो.