बिनपायांचा वाघ

“वाघ तं झकास हाय बाप्पा, पन हा उभा कशावर हाय?”

आदिलाबादच्या प्रदर्शनात माझ्या चित्रासमोर थांबून एका गृहस्थांनी बायकोला विचारलं. मी त्यांच्या मागेच, हे चित्र आपलं नाहीच अशा चेहऱ्यानं खांबाला टेकून उभी होते. प्रश्न रास्त होता. माझ्या वाघाला पाय नव्हते. सोमवारपर्यंत होते. चारही!

मी पेस्टलमध्ये प्राणी रंगवते आणि वन्यजीव वाचवते. (वाचवते म्हणजे, गावोगावी जाऊन ‘वाघाला मारू नका’ असं सांगायचं ठरवते आणि पत्रकं वाटून परत येते. बोलायची वेळ आली की माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं. तोवर लोक चहा पिऊन घरी गेलेले असतात.) पाच वर्षांत पहिल्यांदाच माझं चित्र, कच्च्या रेखाटनावरून, या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं होतं. परीक्षकांना जे चित्र आवडेल, त्याचं पोस्टर होऊन तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरच्या गावागावांत लागणार होतं. म्हणजे तोंड न उघडता मला वाघ वाचवता येणार होता. माझ्यासारखीला आणखी काय हवं!

चित्र मी भीमपूरला विमलकाकूकडे पूर्ण केलं. काकूचं शेत जंगलाला लागून. त्याच आठवड्यात तिच्या कपाशीच्या बांधावर वाघाची पावलं उमटली होती. ती बघून बघून मी पंजे रंगवले. आठ दिवस, बोटांनी घासून घासून. पेस्टल म्हणजे कागदावर बसलेली रंगाची भुकटी. वरून फवारा मारला की ती पक्की बसते, पण रंग काळवंडतात, म्हणून मी मारत नाही. काच आदिलाबादला बसवायची होती. तोवर एकच काळजी होती, चित्राला कुणाचा हात लागता कामा नये.

मी घरभर फिरले. ओसरीवर कापसाचा ढीग, खाटेवर काका, टेबलावर काकांचं सगळं बाकीचं. शेवटी अशी एक जागा सापडली, जिथं अंघोळ केल्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावत नाही. मी चित्र देवघरात पाटावर ठेवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले. (पाटावर काय ठेवतात, हे आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं.)

सकाळी उठून बघते तर वाघाच्या कपाळावर हळदकुंकू! कागदाच्या वरून झेंडूचा हार सोडलेला, समोर फोडलेला नारळ, आणि कापूस वेचायला येणाऱ्या पंधरा बाया रांगेत उभ्या.

“काकू, हे...” मी म्हणाले.

“तूच तं ठेवला ना पाटावर!” काकूनं माझ्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. “मी म्हनलं, शयरातली पोरगी, पन किती समज व माय! आठ रोज झाले, भेवानं एक बाई वावरात पाय ठेवून नाई राह्यली. कापूस फुटून खाली पडून राह्यला. आता म्हनतात, वाघोबाच्या पाया पडतो अन् जातो.”

पाया पडतो!

याचा नेमका अर्थ माझ्या डोक्यात उतरेपर्यंत पहिली बाई वाकलीसुद्धा. तिनं उजव्या पंजावर दोन्ही हात ठेवले आणि कपाळाला लावले. कपाळ भगवं झालं. पंजाची तीन बोटं गेली.

“येत जा बाप्पा,” ती वाघाला म्हणाली, “पन बांधाबांधानं जात जा. आमी बी गरीब, तू बी गरीब.”

मी धीर करून पुढं झाले. “मावशी, प्लीज, ते जरा...”

“काऊन व? तुले पडाचं हाय का पयले?”

“नाही नाही. तुम्ही पडा.”

(हो. परवानगी मीच दिली.)

“उभी काऊन हायस मंग? हे धर, वाट,” म्हणत काकूनं माझ्या दोन्ही हातांत खोबरं-साखरेचं ताट दिलं. आता तोंड बंद आणि हातही गुंतलेले! चौथ्या बाईला उजवा पंजा संपला. सातवीनं डावा संपवला. आता तरी थांबतील असं वाटलं, तेवढ्यात आठवी म्हणाली, “अवो, मांगच्या पायाकडं तं कोनी पाह्यलंच नाई!” आणि रांग मागच्या पायांकडे सरकली. मी प्रत्येकीच्या हातावर खोबरं ठेवत होते. एकीला तर मागितलं म्हणून दुसऱ्यांदा दिलं. सगळ्यात शेवटी काका अंघोळ करून आले. त्यांनी थेट कपाळच टेकवलं आणि पंजांखालचं गवतही घेऊन गेले.

‘कृपया चित्राला स्पर्श करू नये’ हे वाक्य माझ्या मनात सुबक मराठीत तयार झालं, तेव्हा बाया कमरेला ओट्या बांधून वावरात पोचल्या होत्या. पांढऱ्या कपाशीत पंधरा भगवी कपाळं. माझ्या रंगाचं काम इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं.

हळदकुंकू मी मऊ ब्रशनं झटकलं. पण पायांच्या जागी बायांच्या तेलकट हातांचं खोबरेल मुरलं होतं, आणि तेलावर पेस्टल धरत नाही. चित्र न्यायला पप्पा आले. ते बँकेत आहेत. म्हणाले, “फॉर्मवर लिहून दे, दाखल करतेवेळी पाय नव्हते.”

तर असा तो वाघ आदिलाबादला भिंतीवर लागला. परीक्षक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. फिरत फिरत ते माझ्या चित्रापाशी आले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि माईकवर म्हणाले, “पायांशी हे धुकं बघा! काय संयम आहे! वाघ जमिनीपासून तुटत चालला आहे, हेच सुचवायचंय ना तुम्हाला?”

टाळ्या पडल्या. पोस्टर जवळजवळ माझं झालं होतं. मला फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मी मान अर्धी हलवलीसुद्धा.

पण पुढच्या रांगेत नवं लुगडं नेसून विमलकाकू बसली होती. “धुकं?” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी पप्पांना म्हणाली. “कोनतं धुकं, भाऊजी? आमी पंधरा बाया पाया पडलो ना! मिनू, सांग ना व त्यायले!”

परीक्षकांनी माईक माझ्यापुढं धरला. काकू माझ्याकडं बघत होती. मी इंग्रजी वाक्य शोधलं. ते आलंच नाही. थेट मराठीच आलं.

“धुकं नाही, सर. वाघाचे पाय भीमपूरला आहेत, बायांच्या कपाळावर. मी थांबवणारच होते, पण माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं.”