लाल रेघ, पिवळी रेघ

कंपनीत त्यांना सगळे रेघेमास्तर म्हणायचे. खरं आडनाव वेगळंच, पण ते आता पगाराच्या कागदापुरतं उरलेलं. सव्वीस वर्षं लिफ्टची कामं केलेला माणूस. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची रेघ ओढायची, ही त्यांची शिस्त. पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. बाकीचे या कामाचा कंटाळा करायचे. मास्तर मात्र शाळेच्या वहीत समास आखावा तशी एकेक रेघ ओढायचे.

आठ महिन्यांपूर्वी गोची झाली. रेघ ओढताना बायकोचा फोन आला, आई घसरून पडली म्हणून. मास्तर हातातलं टाकून धावले. जाऊन बघतात तर सासूबाई मजेत चहा पीत बसलेल्या! हसून घरी आले, जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. तो शेवटचा नट आपण आवळला, की नुसतीच रेघ ओढली? नट हलला नाही एवढंच रेघ सांगते. मुळात तो घट्ट होता का, हे तिला कुठलं माहीत!

ताटावरून उठून कामाच्या इमारतीत गेले. नट घट्ट होता. जीव भांड्यात पडला, आणि बिचारे तिथेच फसले. त्या सुटकेची चटकच लागली म्हणा ना. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या इमारतीची शंका आली, मग तिसऱ्या, मग रोजच. छातीत धडधड, तळहाताला घाम, की निघाले पाना घेऊन. शंभर खेपा झाल्या असतील आणि शंभरही वेळा नट घट्ट निघाला. झोपेचं पार खोबरं झालं. डोळे तांबारलेले.

घरात ज्याचं त्याचं औषध वेगळं. बायको भांडी आदळायची. तिचा धाकटा भाऊ मास्तरांच्याच हाताखाली कामाला, तो थट्टा करायचा, "दाजी, त्या नटांना तुमची इतकी आठवण येत नसेल हो!" मास्तर हसायचे आणि चपला शोधायचे.

शेवटी इमारतींमधून तक्रारी गेल्या. हा माणूस न बोलावता येतो आणि लिफ्ट बंद करून ठेवतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, आता शेवटचं सांगतो. बोलावणं नसताना परत एकदा गेलात, तर गोदामात बसून सामान वाटायचं." गोदाम! ज्यांचं काम संपलं त्यांची जागा ती. मास्तरांनी शब्द दिला.

चार दिवस तो पाळलाही. मग सात मजली इमारतीत लिफ्टचे बूट बदलायचं काम आलं. लिफ्टची पेटी दोन्ही बाजूंच्या रुळांना धरून चालते ती या बुटांमुळे; प्रत्येक बुटाला चार नट. काम संपवून मास्तर आणि मेव्हणा खाली आले आणि मास्तरांचा चेहरा उतरला.

"डावा बूट. तिसरा नट."

"झालं सुरू?" मेव्हणा म्हणाला. मग जरा ओशाळून, "दाजी, खरं सांगू? ताईनं मला शपथ घातलीय. दोन महिने झाले, तुमच्यामागून मी प्रत्येक नट तपासतो आणि लाल रेघेशेजारी, तुम्हाला सहज दिसू नये अशी बारीक पिवळी ओढतो. आजही ओढलीय. आता तरी स्वस्थ बसा की!"

मास्तरांना राग आला, लाज वाटली आणि रडूही आलं. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, या विचारानं ती रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला आणि पुन्हा तेच. डावा बूट, तिसरा नट. डबा तसाच झाकून ते निघाले. गोदाम तर गोदाम!

लिफ्ट थांबवून पेटीच्या टपावर उतरले, बॅटरी मारली. लाल रेघ सरळ. शेजारी पिवळी, तीही सरळ. पाना लावला आणि नट लोण्यासारखा फिरला.

मास्तरांनी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला.

"दाजी... मी पाना लावलाच नव्हता. गेला महिनाभर नाही लावलेला. तुमच्यासारखा भित्रा माणूस, तुमचा नट ढिला असेल असं स्वप्नातही आलं नाही हो. नुसती रेघ ओढत गेलो."

आणि मास्तरांना आठवलं. कालचा तो तिसरा नट. झोप नाही, डोळे मिटताहेत आणि हात आपोआप रेघ ओढतोय. भीतीनंच त्यांना इतकं दमवलं होतं, की जिची भीती ती चूक अखेर हातून झाली.

"आवळा आणि घरी या," मेव्हणा गयावया करत होता. "कुणाला कळणार आहे?"

मास्तरांनी नट आवळला. अंगातलं सगळं बळ लावून. बाहेर आले तर सहाव्या मजल्यावरच्या काकू चाकाच्या खुर्चीत वाट बघत होत्या.

"काय हो, झालं का? बसू ना आत?"

साधा प्रश्न. नट आत्ताच आवळलेला, मनगटात अजून कळ होती. मास्तरांनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना आठवेना. आवळला? की पुन्हा नुसतीच रेघ?

"नका बसू, काकू," ते म्हणाले. 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी त्यांनी दाराला अडकवली आणि साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. लाल रेघ, पिवळी रेघ, आठ महिने.

साहेबांनी विचारलं, "पण आता घट्ट केलाय ना?"

"हो म्हणावंसं वाटतंय, साहेब. पण मला खरंच सांगता येत नाहीये. दुसरा माणूस पाठवा. आणि मला डॉक्टरकडे जायचंय, कुणीतरी सोबत या. एकट्यानं गेलो तर वाटेतून परत इथेच येईन."