शेवटच्या दिवशी पाण्यात नाही

आमच्या प्रवास कंपनीत सहली आखणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. पण गिऱ्हाईक समोर बसलं की त्या कागदावर पट्टीने रकाने आखतात आणि चष्म्यावरून अशा पाहतात, की मोठमोठी माणसं आपोआप ताठ बसतात. माझं टेबल त्यांच्या शेजारी. एकवीस वर्षं मी त्यांचे उसासे ऐकतो आहे.

हल्ली लोकांना एकाच रजेत जंगलही हवं असतं आणि समुद्रही. बाईंच्या मते हे खूळ ज्याने काढलं त्याला एकदा त्यांच्या खुर्चीत बसवायला हवं.

मागच्या वर्षी दातांचे एक डॉक्टर सपत्नीक आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. पत्नीला हत्ती बघायचे होते, डॉक्टरांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली डुबक्या मारायच्या होत्या. जंगलातले तंबू त्यांच्या रजेतले शेवटचे चारच दिवस मोकळे होते, म्हणून समुद्र आधी आला. पाचव्या दिवशी चार वाजता डॉक्टर पाण्याबाहेर येणार आणि सहाव्या दिवशी सकाळी सातला छोट्या विमानाने जंगलात जाणार.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पाचव्या दिवशी पाण्यात नाही."

"अहो, त्याच दिवशी तर बुडालेलं जहाज दाखवतात. मी त्यासाठीच चाललोय."

"खोल पाण्यात अंगात वायू मुरतो. तो निघून जायला निदान एक पूर्ण दिवस लागतो. त्याआधी विमानाने वर गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं. सांधे धरतात, माणूस लुळा पडतो, एखादा दगावतोही."

"मला काही होत नाही. मी रोज पोहतो."

आमचे मालक मध्ये पडले. "मग गाडीने पाठवा की. हाकानाका."

"वाटेत घाट आहे, साहेब. ढगांच्याही वर जातो. गाडीत बसलं म्हणून उंची कमी होते का?"

मालक केबिनमध्ये निघून गेले. बाई डॉक्टरांकडे वळल्या.

"दाढ काढल्यावर पेशंटला काय सांगता?"

"दोन तास काही खाऊ नका."

"ऐकतात?"

"कुठले ऐकतात! दारातच बिस्किटं काढतात. वैताग येतो नुसता."

"येतो ना?"

डॉक्टरांच्या पत्नी तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टरांना मात्र काही लागू पडलं नाही. त्यांनी केबिनमध्ये जाऊन मालकांना सांगितलं, की जहाज नसेल तर सहल दुसरीकडून करू. मालकांनी बाईंना बोलावलं. "त्यांना हवं तसं करून द्या. मला वाद नकोय."

बाईंनी हवं तसं करून दिलं. पाचवा दिवस जहाज, सहावा दिवस विमान. माझ्याकडे कागद सरकवताना एवढंच म्हणाल्या, "बत्तीस दात मोजता येतात, चोवीस तास मोजता येत नाहीत."

पाण्याखाली नेणाऱ्या बोटवाल्यांचा एक फॉर्म असतो. त्यात पुढच्या विमानाची वेळ लिहायची असते आणि ती बघूनच ते शेवटच्या दिवशी माणसाला पाण्यात सोडतात. डॉक्टरांनी तो रकाना कोरा ठेवला होता. बाईंनी तो भरला, सोबत तिकिटाची प्रत जोडली आणि फॉर्म बोटवाल्यांना पाठवून दिला. मालकांना विचारलं नाही. मी शेजारीच होतो, मलाही विचारलं नाही.

सहलीहून परतल्यावर डॉक्टर तरातरा जिना चढून आले ते थेट बाईंच्या टेबलाशी.

"तुम्ही कळवलंत त्यांना?"

"हो. तुम्ही कळवणार नव्हतात."

"सगळे जहाज बघायला खाली गेले आणि मी दिवसभर बोटीवर टॉवेल पांघरून बसलो!"

"जंगलातही तेच पुराण चालू होतं," मागोमाग आलेल्या पत्नी म्हणाल्या. "समोर हत्तीण पिल्लाला पाजत होती आणि हे ड्रायव्हरला जहाजाची लांबी सांगत होते."

डॉक्टरांनी दोन पानी लेखी तक्रार केली. मालकांनी बाईंकडे खुलासा मागितला आणि तोवर नवीन गिऱ्हाईक द्यायचं नाही असं ठरवलं. मी म्हटलं, "जरा नरमाईने लिहा. चूक झाली म्हणा, मिटून जाईल."

"चूक कुठली?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पाण्यातून येऊन विमानात चढलो होतो.

खुलासा एका ओळीचा होता: 'तक्रारदार स्वतःच्या पायांनी जिना चढून तक्रार करायला आले.'