मेलो मी, परत!

गणपतअण्णा मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या कॉलेजच्या मैदानावर, चक्क धुळीत उताणे पडलेले. अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक होतं. बंबाचा फवारा उडाला, टाळ्या झाल्या, पोरं पांगायला लागली. तेवढ्यात पोट सुटलेला, अर्धं टक्कल पडलेला हा फायरमन खाकी कपड्यांसकट जमिनीवर आडवा झाला आणि डोळे मिटून ओरडला, "घर पेटलंय. मी बेशुद्ध हाय. उचला मला!"

तालमीतले दोघं-तिघं गडी बाह्या सारून पुढं झाले. अण्णांनी एक डोळा उघडला. "तुम्ही बसा खाली. पोरी कुठं हायत्या?"

पोरी एकमेकींच्या मागं लपून खिदळत होत्या. मैत्रिणींनी मलाच पुढं ढकललं. मी वाकले, त्यांच्या काखेत हात घालून ओढलं आणि थेट त्यांच्या पोटावर जाऊन पडले. सगळं मैदान हसलं. अण्णा तेवढे हसले नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाले, "मेलो मी. परत!"

ते परत मेले. पुन्हा एकदा मेले. शेवटी वैतागून उठून बसले. "घरात काय करतीस गं?"

"म्हशी आहेत. उचगावला मळ्यातनं वैरण आणते."

"मग भारा असा उचलतीस व्हय? कमरेतनं वाकून? गुडघ्यात बस, कंबर ताठ ठेव आणि मांडीच्या जोरावर ऊठ. वैरण बोलत न्हाय, मी बोलतो, एवढाच फरक हाय."

त्या खेपेला अण्णा माझ्या खांद्यावर आले. डोकं खाली लोंबत असतानाच म्हणाले, "जगलो बघ." मला इतका आनंद झाला की त्यांना खाली ठेवायचं सुचेना.

हातकणंगल्यापासून शहरापर्यंत जिथं जिथं पोरी शिकत होत्या तिथं तिथं अण्णा असे मरून आले होते. कारण मी विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं. धुरानं भरलेल्या एका घरात ते शिरले होते. कोपऱ्यात एक बाई होती. तोंडावर मुखवटा चढवलेला अनोळखी बाप्या अंगाला हात लावतोय म्हटल्यावर ती आणखीच मागं सरकली. "वाचली, पण तेवढ्यात हात भाजलं बिचारीचं. दारात एखादी बाई उभी असती तर पळत आली असती की गं." एवढं बोलून ते किती तरी वेळ बंबाचं पितळ पुसत राहिले.

मला फायरमनच व्हायचं होतं. घरी मात्र वडिलांनी ताट सरकवलं. "पोरगी बंबावर लोंबकळत हिंडली तर लग्न कोण करंल?" मी रडून घेतलं आणि अण्णांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते उचगावला हजर. चहा घेतला, म्हशींची चौकशी केली. वडील धार काढून बाहेर आले तेव्हा पाहुणे गोठ्यासमोर शेणात आडवे! "वंदे, उचल मला!"

मी उचललं. गोठ्यापासून रस्त्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. वडील हातातल्या चरवीसकट उभे. शेवटी चरवी खाली ठेवून म्हणाले, "एवढं वजन उचलतीया, तर लग्नाचं बी बघू कायतरी." अण्णांनी तिथंच, पाठीला शेण लागलेलं असताना, त्यांच्याशी हात मिळवला.

मी भरती झाले. अण्णा काही दिवसांनी निवृत्त झाले, पण ठाण्यावर यायचं सुटलं नाही. नवी मुलगी आली की म्हातारा जमिनीवर पडलाच म्हणून समजा. आम्ही सगळ्याजणींनी त्यांना किती वेळा मारलं असेल, देव जाणे.

मग पंचगंगेला महापूर आला. अण्णांचं घर नदीकडच्या गल्लीत. तळमजला पाण्याखाली, अण्णांचे गुडघे कधीच गेलेले. बोट जिन्याला लावून मी वर गेले तर त्यांचा मुलगा विलास दारातच आडवा आला. "ताई, राग मानू नका, पण एखादा गडी पाठवा की. अण्णा जड हायत. पडलं-बिडलं तर?"

आतून आवाज आला, "गप ए! एवढी वर्षं धुळीत पडलो ते कशाला? ये गं वंदे."

मी त्यांना खांद्यावर घेतलं. पाण्याखालची पायरी गाळानं निसरडी झाली होती, माझा पाय सरकला. विलास ओरडला. मी जिन्याचा कठडा धरून सावरले. कानाशी अण्णा कुजबुजले, "अजून जिवंत हाय. सावकाश." बोटीत बसल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि गल्ली संपेपर्यंत काढला नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दारात त्यांना ठेवलं होतं, उताणे, डोळे मिटलेले, अगदी मैदानावर पडायचे तसे. आत्ता एक डोळा उघडतील असं मला वेड्यासारखं वाटत राहिलं. आमच्याकडं बायका खांदा देत नाहीत. मी बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून रडत होते. विलास हातात मडकं घेऊन निघाला, चार पावलं गेला आणि मागं वळला. तिरडी उचलायला पुढं वाकलेल्या नातेवाइकाला म्हणाला, "पावणं, जरा बाजूला व्हा. ताई, या की. अण्णांना तुमची सवय हाय."

नातेवाईक बाजूला सरला. मी पुढं गेले. गुडघ्यात बसले, कंबर ताठ ठेवली आणि मांडीच्या जोरावर उठले.