भिंतीवरचे सासरे

माझ्या सासऱ्यांना हाफ चड्डीत, पंधरा फूट उंचीचं, भर रस्त्यावर रंगवण्याचा माझा कसलाही हेतू नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगतो. (शपथ घ्यायलाही मी घाबरतो, तो भाग वेगळा.)

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो ते घर सासऱ्यांचं. मामा, म्हणजे सासरे, स्वतः सांगोल्याला डाळिंबाच्या बागेत असतात. एके काळचे नावाजलेले पैलवान. कानाच्या पाकळ्या मुडपलेल्या, मिशा वर वळवलेल्या, आणि आवाज असा, की फोन स्पीकरवर न टाकताही शेजाऱ्यांना ऐकू जातो. आमच्या आधी या घरात एक भाडेकरू होता. त्याने न विचारता दाराला पोपटी रंग दिला आणि आठव्या दिवशी त्याचं सामान टेम्पोत गेलं. ही हकिकत मामांनी मला लग्नाची बोलणी चालू असतानाच ऐकवली होती. तेव्हापासून एकवीस वर्षं मी भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी सांगोल्याला फोन करतो.

अशा माणसाच्या भिंतीवर फुटबॉलपटू काढायला मी परवानगी दिली. कारण माझी मुलगी मुक्ता. वर्ल्डकप सुरू झाला आणि तिच्यासकट गल्लीतली सगळी पोरं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घालून हिंडायला लागली. त्यांना त्यांचा लाडका दहा नंबर भिंतीवर हवा होता.

"पप्पा, आपली भिंत मोकळीच आहे."

"ती आपली नाही, आबांची आहे."

"मग आबांना विचारते," म्हणत तिने फोन काढला.

तिने विचारलं असतं तर मामांनी आधी मलाच फोन केला असता. मी घाईघाईने म्हणालो, "काढा, काढा. त्यात काय विचारायचं!" विचारायच्या भीतीने न विचारता काम करणारा माझ्यासारखा दुसरा माणूस सोलापूर जिल्ह्यात नसेल.

काम उस्मानभाई पेंटरांना दिलं. डिजिटल बोर्ड आले आणि त्यांचा ब्रश वाळला. त्यामुळे गडी खुशीत होता. मुक्ताने मोबाईलवर दहा नंबरचा फोटो दाखवला. त्यांनी तो एकदा पाहिला आणि म्हणाले, "बस बेटा, आ गया ध्यान में." मला तिथेच संशय यायला हवा होता.

दोन दिवसांत शर्ट झाला, आकडा झाला, चेंडू झाला. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तोंड झालं.

"उस्मानभाई, खऱ्या दहा नंबरला मिशा नाहीत हो," मी म्हणालो.

"मिशीबिगर मर्द कैसा दिखेंगा साब?"

मिशांचं एक वेळ सोडा. पण मांड्या? आणि ते मुडपलेले कान? तेवढ्यात माझी बायको सुनंदा भाजीची पिशवी घेऊन आली. तिने सहज वर पाहिलं आणि म्हणाली, "आबा, कवा आला?"

मग तिच्या हातून पिशवी सुटली. "अहो, हे तर आबा हायत," ती हळूच म्हणाली. "आन् चड्डीवर हायत."

मी वर पाहिलं. मामा माझ्याकडेच बघत होते. मी चार पावलं डावीकडे सरकलो, तरी माझ्याकडेच बघत होते.

"उस्मानभाई, यावरून चुना फिरवा. आत्ताच्या आत्ता."

"ऑइल पेंट है साब. चुना पकडताच नै," ते अभिमानाने म्हणाले. "तुमची नातवंडं बघतील."

आणि नेमका तेव्हाच मामांचा फोन आला. "पाव्हणं, उद्या येतुया. दाढ लई ठणकतीया. सोलापुरात डॉक्टर बगितलाय."

रात्रभर मला पोपटी दार दिसत होतं. त्या दारातून आमचं कपाट, गॅसची टाकी आणि शेवटी मी, अशा क्रमाने बाहेर येत होतो.

सकाळी मार्ग सुचला. सोलापुरात माणसाकडे दुसरं काही नसलं तरी चादरी असतातच. शेजारीपाजारी फिरून मी चौदा चादरी गोळा केल्या, सुनंदाने त्या एकमेकींना जोडल्या, आणि दोरी बांधून आम्ही मामांना नखशिखांत झाकलं. आता ते दाढ दाखवून परत जाईपर्यंतचा वेळ काढायचा होता.

पण त्याच शनिवारी संध्याकाळी गल्लीत गाण्याचा कार्यक्रम ठरलेला होता, दुसऱ्या दिवशीच्या फायनलच्या आनंदात. भिंतीसमोरच स्पीकर लागले, कराओके सुरू झालं. मला गाता येत नाही म्हणून माझ्या हातात निवेदनाचा माईक दिला होता. दोन गाणी झाली आणि रिक्षातून मामा उतरले. एक गाल सुजलेला, हातात डाळिंबांची पिशवी.

"भितीवर चादरी कशापायी?"

"वाळत घातल्यात, मामा."

"येवड्या वर?"

"वर ऊन चांगलं लागतं."

मामांनी मावळलेल्या उन्हाकडे पाहिलं. पुढे ते काही विचारणार, इतक्यात पोरं धावत आली. त्यांच्या हातात नारळ होता, हार होता. मी चादरी अनावरणासाठी लावल्यात अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती!

"काका, आधी सांगायचं ना! ज्येष्ठ पाहुणे आलेत, आबांच्याच हस्ते करू."

कुणीतरी मामांच्या हातात दोरी दिली. मी जीव खाऊन माईकमध्ये ओरडलो, "थांबा!" पण कराओकेवाल्याने आवाज घुमवायचं बटण चालूच ठेवलं होतं. "थांबा... बा... बा..." असं गल्लीभर घुमलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मामांनी दोरी ओढली. पैलवानाचा हात तो. चादरी, खिळे, थोडा गिलावा, सगळं एकदम खाली आलं.

वर मामा, खाली मामा. वरचे हाफ चड्डीत.

टाळ्या थांबल्या. मामांनी वर बोट दाखवलं. मग म्हणाले, "ह्यो कोन?"

मला त्यांच्या मागे चक्क टेम्पो उभा दिसत होता. (तो खरंच उभा होता, स्पीकरवाल्याचा.) माझं तोंड आपोआप उघडलं, आणि माईक तोंडापाशीच होता.

"मामा, तुम्हीच!"

अर्ध्या नवी पेठेने ते ऐकलं. पट्ट्यांच्या शर्टातली तीस पोरं माझ्याकडे वळली. मुक्ता दात ओठ खात म्हणाली, "पप्पा, तो दहा नंबर आहे." एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला चाहते. कुणाचा मार आधी खायचा, एवढंच ठरायचं होतं.

"आन् पायाखाली हे काय हाय?" मामांनी विचारलं.

"चेंडू."

"कुस्तीत चेंडू कुटला?"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून उस्मानभाई उठले. मामांसमोर येऊन त्यांनी हात जोडले.

"वस्ताद, पहचाने क्या? मैं उस्मान. जत्रेतल्या कुस्त्यांच्या जाहिराती मीच रंगवायचो. माढ्यापासून सांगोल्यापर्यंत हर दीवार पे आप. दहा वर्षं तुमचंच तोंड काढलं. अब हात कू दूसरा मुंह आताच नै. लाख फोटो दिखाव, उतरते आप ही."

मामा भिंतीपाशी गेले. रंगवलेल्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला. "तीस वर्सं झाली," ते म्हणाले. "माजं चित्र कुनी काडलं न्हवतं." मग पाठ फिरवून त्यांनी डोळे पुसले. "दाढ लई ठणकतीया," असंही म्हणाले. मला फार बरं वाटलं आणि फार लाजही वाटली. एकवीस वर्षं मी या माणसाला नुसता घाबरत आलो होतो. त्यांना कशाचं वाईट वाटत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

फायनल मामांनी आमच्याकडेच पाहिली, सुजल्या गालाने. गोल झाला की पोरं "आबा, आबा" ओरडत होती आणि मामा मिशीवर हात फिरवत होते. निघताना मात्र त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं.

"पाव्हणं, अर्दी भित मोकळी दिसतीया."

मी दोन पावलं मागे सरकलो.

"तितं तुमाला काडा. मी येकटा बरा दिसत न्हाय."

"गोलकीपर हवाच होता," मुक्ता म्हणाली.

उस्मानभाईंनी मला काढलं. फोटो मागितला नाही, एकदा वळून पाहिलं एवढंच. मामा चेंडू मारायच्या बेतात आणि समोर जाळ्यात मी, डोळे विस्फारलेले, गुडघे एकमेकांना टेकलेले. हुबेहूब मी. अशी गंमत, की आता उस्मानभाईंच्या हाताला दुसरं तोंडही येऊ लागलं. परवा मामांच्या दाढेच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर त्यांच्याकडून चित्र काढून घेतलं. मी ऑफिसला जाताना पाहिलं. हातात पकड घेतलेले, मिशा वळवलेले, कान मुडपलेले डॉक्टर. आणि खुर्चीत तोंड वासून बसलेला मी.

तेव्हापासून माझी दाढ दुखते आहे. दाखवायला गेलेलो नाही.